शपथ घेण्याआधी

चिरनेरच्या आसपासच्या वाड्यांवर मी नर्स म्हणून फिरत असे, तेव्हाची गोष्ट. पोटात दुखतं म्हणून आलेली चौदा वर्षांची मुलगी दार लोटून घेत म्हणाली, "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, "तुझी शप्पथ." चूक तिथंच झाली. मग तिनं नात्यातल्याच एका माणसाचं नाव घेतलं.

सकाळी तिच्या आजीनं माझे हात धरले. "बाय, पोलीस नको हां दारान." मी चार दिवस गप्प राहिले. पण पोटात राहीना, म्हणून पनवेलला जाताना एसटीत मैत्रिणीजवळ बोलले. नाव नाही घेतलं. वाडी सांगितली, वय सांगितलं. मग नाव उरलं कुठे? संध्याकाळपर्यंत सगळं षट्कर्णी झालं. जिथं सांगायचं तिथं तोंड शिवलेलं आणि नको तिथं मोकळं, अशी माझी गत.

पाचव्या दिवशी आमच्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून झापलं आणि त्याच दिवशी पोलिसांत कळवायला लावलं. २०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ कुणालाच सूट देत नाही: अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला सांगायचंच. घरच्यांची परवानगी लागत नाही. खरंखोटं तपासणं आपलं काम नाही, आणि सद्भावनेनं कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. गप्प राहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर असाच गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयानं तो रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उभा केला.

आजीच्या भीतीला उत्तर कायद्यातच होतं, मला ते ठाऊक नव्हतं, एवढंच. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशाशिवाय. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. उपचार तर आधीच सुरू करायचे, पोलिसांच्या कागदाची वाट न बघता.

आता नव्या नर्स मुलींना मी सांगते, कळवायचं म्हणजे गावभर करायचं नव्हे. क्षयाच्या रुग्णाची नोंद २०१२पासून सरकारकडे द्यावी लागते, शेजारणीकडे नव्हे. एचआयव्हीचं तर २०१७च्या कायद्यानं एरवी रुग्णाच्या संमतीशिवाय कुणापुढे काढायचंच नाही. आणि एसटीत, टपरीवर, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर 'नाव न घेता'ही बोलू नका. आपल्या वाड्या केवढ्याशा!

शपथ तर मुळीच घेऊ नका. मूल तोंड उघडण्याआधीच म्हणा, "बाळा, तुझ्या जिवाला धोका असेल तर मला ते एकदोघांना सांगावं लागेल. कुणाला, ते तुला आधी सांगेन."

ती मुलगी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. २५ सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्मा स्मारकापाशी दिसली, मान वळवून गेली. तिचा जबाब घ्यायला साध्या साडीतल्या फौजदारबाई आल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी आधी वही दाखवली, काय लिहिणार आणि कोण वाचणार ते सांगितलं. त्यांच्याशी ती दोन तास बोलत होती.