इंद्रजालवर सॅनिटायझर मारू का?

प्रश्न : मी वेताळ या चित्रकथानायकाच्या जुन्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ जमवतो. अंक टपालाने येतात. करोनाकाळापासूनच्या धास्तीने घरचे अजूनही म्हणतात, पानापानावर सॅनिटायझर मारून अंक उन्हात वाळव. तसं करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको. घरच्यांची काळजी रास्त आहे, पण हा उपाय अंकाच्याच मुळावर येईल. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने शाई फुटू शकते, कागद सुरकुततो. १९६४ पासून निघालेल्या या अंकांचा कागद साधाच. उन्हाने तो पिवळा पडतो, इतका कुरकुरीत होतो की पान उलटताना कोपरा तुटून हातात येतो.

विषाणू कागदावर फार तग धरत नाही. २०२०च्या एका प्रयोगात पुठ्ठ्यावर तो २४ तासांनंतर जिवंत आढळला नाही. तेव्हा पार्सल तीन दिवस बाजूला ठेवा, वेष्टन टाकून द्या, हात साबणाने धुवा. एवढं पुरे, निर्धास्तपणे वाचा.

मला जास्त काळजी वाटते ती पावसाळी दमट हवेची. पिना गंजल्या की मधलं पान सुटतं. कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. सुटलेल्या पानाला सेलोटेप मात्र लावू नका. त्याचा तपकिरी डाग सहजी निघत नाही.