उन्हाळ्यात कलमांचे पाणी मुळांपर्यंत जाऊ द्या

मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सर्वांत मोठा धोका गेल्या पावसाळ्यात लावलेल्या कलमांना असतो. जुने झाड खोलवरच्या ओलीवर उन्हाळा काढते. वर्षाच्या केसर आंब्याची मुळे मात्र लागवडीच्या खड्ड्याबाहेर फारशी गेलेली नसतात. म्हणून अनेक जण रोज संध्याकाळी बुंध्याशी तांब्या-दोन तांबे पाणी ओततात. त्यामागचा जिव्हाळा खरा आहे, पण कलमाचे यात नुकसान होते. ते पाणी दोन-तीन बोटे मुरते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जाते. मुळे ओलीच्या मागे वरच्या थरातच राहतात. मग घरी लग्नकार्य निघाले, मोटर जळाली, दोन दिवस पाणी चुकले की कलम मान टाकते.

पाणी अंतराने द्या, पण दीड फूट खोल जाईल इतके द्या. लहान कलमाला एका वेळी साधारण १५ ते २० लिटर धरा. मुरमाड रानात तीन-चार दिवसांनी, भारी काळ्या जमिनीत आठवड्याने. मधल्या काळात वाफसा येऊ द्या, मुळांना हवाही लागते. पाणी कुठवर गेले हे पाहायला लोखंडी सळई पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आळ्यात खोचा. ओल्या मातीत सहज जाते, कोरडा थर लागला की अडते. मुरमात खड्यालाही अडते, म्हणून दोन-तीन ठिकाणी खोचून बघा.

टँकरवर बाग जगवायची असेल तर मडक्याइतका भरवशाचा उपाय मला दुसरा दिसत नाही. दहा-बारा लिटरचे, बिनरंगाचे, पाझरणारे मडके घ्या. रंगवलेले किंवा चकचकीत नको. खोडापासून एक-दीड फुटावर ते गळ्यापर्यंत पुरा, भोवतीची माती घट्ट दाबा आणि तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात आणि पाणीही उडते. माती कोरडी पडली की मडके जास्त पाझरते, ओली असली की कमी. झाड मागेल तसे पाणी मिळते आणि तेही मुळांच्या पातळीवर. पाझर फारच कमी वाटला तर तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात बसवतात. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर मडक्याची छिद्रे हळूहळू बुजतात. पाणी उतरायचे थांबले की मडके बदला. ५ बाय ५ मीटरवर एकरी १६० झाडे बसतात, म्हणजे मडक्यांचा खर्च आणि पुरण्याची मजुरी दोन्ही आधी मोजून ठेवा.

ठिबक असेल तर रोज अर्धा तास चालवण्यापेक्षा ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर सलग दोन तास चालवा, १६ लिटर होतात. भर दुपारी काळ्या नळीतले पाणी तापलेले असते, त्यामुळे पहाटेची किंवा रात्रीची पाळी धरा. झाडाचा घेर वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवायला विसरू नका. पहिल्या वर्षी लावलेले ड्रिपर चौथ्या वर्षीही बुंध्यालाच चिकटलेले कितीतरी बागांत दिसतात.

संत्रा-मोसंबीत हे अधिक जपावे लागते. खोडाला पाणी लागत राहिले की डिंक्या येतो. तिथे दुहेरी आळेच करा: आतले आळे कोरडे, पाणी बाहेरच्या आळ्यात.

काळ्या जमिनीत भेगा पडल्या असतील तर दिलेले पाणी भेगांतून निघून जाते. आधी हलकी खुरपणी करून भेगा बुजवा, मग पाणी द्या आणि वर उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड पसरा. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, वाळवी तिथूनच चढते. नैर्ऋत्येकडून तुराट्यांचा आडोसा करा. कलमाच्या जोडाखालून फुटलेले कोंब काढून टाका, ते पाणी खातात आणि कलम मागे पडते.

मृगाचा पाऊस लागला की आळी फोडून बुंध्याशी मातीची भर द्या. मडकी बाहेर काढायची गरज नाही. पावसाळ्यात रिकामी ठेवा, तोंड मात्र झाकलेले असू द्या.