वेल्डिंगचे मशीन घेण्यापूर्वी पत्रा आणि मीटर पाहा

आम्ही कापडाचे व्यापारी. लोखंडाशी आमचा संबंध यंत्रमागापुरता, आणि तोही दुरून. तरी आज या पानावर वेल्डिंगच्या मशीनबद्दल लिहायला बसलो आहोत, कारण मागल्या वर्षी आम्ही असे एक मशीन विकत घेतले आणि ते चुकीचे घेतले. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले, भाचे-पुतणे गॅरेजच्या कामात आहेत. त्यांचे पैसे वाचावेत म्हणून आमची चूक आधी सांगतो.

आमचा भाचा आठ वर्षे दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये डेंटिंगचे काम शिकला. हात चांगला. घरामागच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू करायचे ठरले तेव्हा तो म्हणाला, "मामू, मशीन तेवढे घेऊन द्या, वर्षभरात पैसे फेडतो." आम्ही त्याला घेऊन बाजारात गेलो. दुकानात २०० नंबरचे मशीन होते आणि थोडे जास्त पैसे देऊन २५० नंबरचे मिळत होते. आमच्यातला व्यापारी जागा झाला. थोड्या फरकात मोठा माल मिळतोय, घेऊन टाका! भाचा काही बोलू पाहत होता, पण आमच्यापुढे बोलला नाही.

पहिलेच काम आले ते एका जुन्या व्हॅनच्या गंजलेल्या दरवाजाचे. काडी लावताच पत्र्याला भोक पडले. ते भरायला गेला तर भोक मोठे झाले. दुसऱ्या दिवशी जाड पट्टीचे काम घेतले, मोठी काडी लावली, तर घराचा एमसीबी पडला, पुन्हा चढवला, पुन्हा पडला. दुकानदाराकडे गेलो तर 'विकलेला माल परत नाही' हे पावतीवरचे वाक्य त्याने बोटाने दाखवले. ते वाक्य आमच्याही पावतीवर छापलेले आहे, त्यामुळे बोलायला तोंड राहिले नाही.

मग ट्रॉल्या बांधणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे जाऊन बसलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आम्हाला दुकानात कोणीही विचारला नव्हता. "पत्रा किती जाडीचा?"

सगळा हिशेब इथून सुरू होतो. कारच्या दरवाजाचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो. सायलेन्सरचा पाइप सव्वा-दीड मिलिमीटर, आणि ब्रॅकेट, पट्टी, अँगल हे ३ मिलिमीटर व त्यापुढे. लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे अंदाजे ३० ते ४० अँपिअर लागतात. म्हणजे दरवाजाला २५-३० अँपिअर पुरे. पण आपल्याकडची नेहमीची १२ नंबरची काडी, म्हणजे अडीच मिलिमीटरची, ५०-६० अँपिअरच्या खाली नीट जळतच नाही. भाच्याच्या हातात दोष नव्हता. मशीनचा आकडा वाढवून हे सुटणारे नव्हते, कारण काडीचे मशीन हेच या कामाचे मशीन नव्हे. बारीक पत्र्याला तारेचे मशीन लागते, ज्याला बाजारात मिग किंवा सीओटू म्हणतात. त्यात ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार आपोआप पुढे येते. तरीही सलग ओढत जायचे नसते. एक टाका इथे, दुसरा चार बोटे पलीकडे, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा, नाहीतर दरवाजा कापडासारखा चुरगळतो.

तारेच्या मशीनमध्येही दोन प्रकार आहेत. साधी तार गॅसवर चालते. आत पावडर भरलेली तार बिनगॅसची चालते. उघड्यावर, वाऱ्यात बिनगॅसची तार बरी; बॉडीच्या पातळ पत्र्यावर गॅसचे काम स्वच्छ होते आणि घासायला कमी लागते. मात्र दोन्हींचे प्लस-मायनस उलटे असते. गॅसवर तार प्लसला, बिनगॅसला मायनसला. म्हणून ही जोडणी बदलता येते की नाही ते दुकानातच उघडून पाहावे. ५ किलोचे रीळ बसते का तेही पाहावे. १ किलोच्या रिळाची तार किलोमागे बरीच महाग पडते, आणि मशीनवर वाचवलेले पैसे तारेत जातात. सिलिंडरची अनामत आणि भाडे आधी विचारून घ्यावे.

आता मीटरकडे येऊ. काडीचे मशीन १०० अँपिअर देते तेव्हा व्होल्ट साधारण २४ असतात. मशीनमध्ये काही वीज वाया जाते, आणि स्वस्त इन्व्हर्टर मशीन लाइनमधून गरजेपेक्षा जास्त अँपिअर ओढते. हे सगळे धरले तर १२ नंबरच्या काडीला ८० अँपिअरवर घरच्या लाइनमधून चौदाच्या आसपास अँपिअर जातात. १० नंबरच्या काडीला ११० अँपिअरवर वीसच्या आसपास. घरातला मोठा सॉकेट असतो १६ अँपिअरचा! आमचे २५० नंबरचे मशीन खरोखर २५० वर चालवायचे तर लाइनमधून चाळीसहून अधिक अँपिअर हवेत. आम्ही जो आकडा विकत घेतला तो त्या घरात कधी वापरताच येणार नव्हता. उलट तारेचे मशीन पातळ पत्र्यावर ६० अँपिअरला चालवले तर आठ-दहा अँपिअरमध्ये भागते.

मशीनच्या पाटीवर आणखी एक आकडा असतो, ड्यूटी सायकल. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. हा आकडा कोणत्या अँपिअरवर आणि किती तापमानाला दिला आहे ते वाचावे. चांगल्या कंपन्या ४० अंशांवर देतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त असते. ज्या पाटीवर हे काहीच लिहिलेले नाही तिच्यावरचा मोठा आकडा आम्ही तरी आता खरा धरत नाही. थानावर १०० मीटर लिहिलेले असले तरी आम्ही ते मोजूनच घेतो; मशीन घेताना हीच सवय कुठे गेली होती कोण जाणे. इन्व्हर्टर मशीनचे कार्ड जळले तर ते आपल्या गावात कोण दुरुस्त करतो, हेही विचारावे आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे.

वीज घरगुती आणि काम धंद्याचे, हे चालत नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली घरगुती जोडणीवर धंदा आढळला तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. भाच्याची जोडणी आम्ही आता बदलून घेतली.

कामही कोणते घ्यायचे ते पाहावे लागते. आमच्याकडे सुरुवातीला जीपवाले पुढचे लोखंडी गार्ड बनवायला येत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येणार नाहीत, असे सांगितले. भाचा आता गार्ड, चासी लांब करणे ही कामे परत पाठवतो. नव्या गाड्यांच्या खांबांत खास कडक पोलाद असते, ते तापले की त्याची ताकद जाते. तेही तो धरत नाही. गंजलेला तळ, दरवाजाची खालची पट्टी, सायलेन्सर, सीटचे फ्रेम, एवढ्यावरही रोजी निघते.

त्याने स्वतःसाठी लावलेले काही नियम आहेत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढायची. अर्थचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावायचा, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरत नाही. पेट्रोलची टाकी कितीही धुतलेली असो, तिला हात लावायचा नाही. जस्त चढवलेला पत्रा असेल तर आधी घासून काढायचा, कारण त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. काच आपोआप काळी होणारे हेल्मेट आम्ही त्याला मशीनबरोबरच घेऊन दिले.

ते २५० नंबरचे मशीन शेवटी गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला अर्ध्या किमतीला दिले. त्याच्याकडे जाड काम आहे आणि वीजही तशी आहे. भाच्याने गॅसवर चालणारे तारेचे मशीन आणले, दोन आठवडे भंगारातल्या पत्र्यावर हात बसवला आणि मग त्या व्हॅनवाल्याला बोलावून दरवाजा नव्याने करून दिला. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. आमचे मात्र दर महिन्याला आणून देतो. निम्मे फिटले आहेत.