तिकिटावरचे सहा तास

मित्रांनो, एम-थ्री सुटला म्हणजे गणित आलं असं नाही, हे मला खरवईतल्या एका काकूंमुळे कळलं.

मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या वर्गमित्राची ताई एम.एस.साठी मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला निघाली. तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री 1.30, पोहोचण्याची सकाळी 7.30. काकूंच्या हिशोबाने सहा तास. नऊ वाजले तरी फोन नाही, म्हणून त्यांचे डोळे भरून आले. मी तिथे पोहे खात होतो. "अरे, तू इंजिनिअर ना? सांग बघू, विमान आहे कुठे?"

मी वहीचं पान फाडलं. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. अक्षांशांतला फरक 21.55 अंश, रेखांशांतला 146.65. पायथागोरस लावला, कर्ण 148.2 अंश. अंशाला 111.2 कि.मी. धरून 16,480 कि.मी.! ताशी 900 च्या वेगाने 18 तास. "काकू, रात्री पावणेआठ तरी होतील." त्या आणखीच घाबरल्या.

फोन संध्याकाळी सव्वापाचला आला. काकू खूश, मी गार.

चूक कुठे झाली? पृथ्वी म्हणजे ड्रॉइंग शीट नव्हे. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर 111 कि.मी. असतो, पण न्यूयॉर्कच्या अक्षांशावर जेमतेम 84. गोलावरचं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावरून मोजतात:

कोसाइन (कोन) = साइन अ × साइन ब + कोसाइन अ × कोसाइन ब × कोसाइन क

अ आणि ब हे दोन अक्षांश, क हा रेखांशांतला फरक. (कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, ते आधी बघा!) उत्तर 0.213 − 0.599 = −0.386, म्हणजे कोन 112.7 अंश आणि अंतर सुमारे 12,530 कि.मी. माझी चूक जवळजवळ चार हजार कि.मी.ची! हा मार्ग मुंबईहून सरळ पश्चिमेला न जाता 65 अक्षांशाजवळ वर चढतो आणि मग अटलांटिककडे उतरतो.

12,530 भागिले 900 म्हणजे 14 तास. पण धावपट्टीपर्यंतची रांग, चढ-उतार, टाळावी लागणारी हवाई हद्द आणि पश्चिमेला जाताना समोरून येणारा वारा यांत तास-दीड तास जातो. परतीला तोच वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ कमी लागतो.

आता काकूंचे सहा तास. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिथले सकाळचे 7.30 म्हणजे आपले संध्याकाळचे 5. रात्री 1.30 पासून मोजा, साडेपंधरा तास.

खरं तर सकाळी काकूंना एवढी एक बेरीज सांगितली असती तरी पुरलं असतं. तर मित्रांनो, सूत्र लावण्याआधी तिकीट नीट वाचा. आणि कुणाची आई वाट बघत असेल, तर उत्तर दोनदा तपासा.