पंजा लढवताना हाड मोडतं कसं?

प्रश्न : कॉलेजच्या कट्ट्यावर पंजा लढवताना माझ्या मित्राचा दंड ‘कट्’ असा आवाज होऊन मोडला. तो पडला नाही, कुठे आपटलाही नाही आणि समोरचा मुलगा त्याच्यापेक्षा किडकिडीत होता. मग हाड मोडलं कसं? माझ्याही कोपराच्या आतल्या बाजूला तीन आठवडे दुखतंय. घरचे म्हणतात, चांगलं चोळून घे. घेऊ का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : समोरच्याची ताकद इथे फारशी महत्त्वाची नाही. पंजा हरायला लागला की माणूस मान वळवतो, खांदा पुढे टाकतो आणि सगळं अंग हाताच्या पुढे नेतो. पंजा मात्र जागीच अडकलेला असतो. ओला टॉवेल पिळताना त्याची दोन टोकं उलट दिशांना फिरतात, तसंच इथे दंडाच्या हाडाचं होतं. वरून छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू त्याला आत फिरवतात, खालून समोरचा हात बाहेर फिरवतो. हाडाला दाब पुष्कळ सोसतो, पीळ सोसत नाही. म्हणून ते बहुधा कोपराच्या थोडं वर, मळसूत्रासारख्या रेषेत मोडतं. तुमच्या मित्राच्या हाडावरचा पीळ बराचसा त्याच्या स्वतःच्याच अंगाने दिलेला होता.

पंजाच्या स्पर्धेत पंच याच क्षणावर डोळा ठेवून असतात. खांदा हाताच्या पुढे जाऊन नजर दुसरीकडे वळली की ते खेळाडूला ताकीद देतात. दिल्लीत 2023 साली प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम झाला, त्यात ‘मुंबई मसल’ नावाचा संघही होता. तेव्हापासून मोबाईलवर त्या लढती पाहून कट्ट्याकट्ट्यावर पंजे जुळतात, पण कट्ट्यावर पंच नसतो. म्हणून एवढं तरी पाळा : नजर स्वतःच्या पंजावर आणि खांदा पंजाच्या मागे. हात मागे पडून खांदा पिळायला लागला तर तो डाव सोडून द्या.

मोडलेल्या दंडाबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. मनगट आणि बोटं वर उचलणारी नस त्याच हाडाला वळसा घालून खाली येते. मनगट लुळं पडून खाली लोंबायला लागलं, तर ती नस दुखावली आहे असं समजावं आणि डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगावं. बहुतेकांची नस काही महिन्यांत आपोआप सावरते, तोवर मनगटाला आधार आणि व्यायाम लागतो. हाड जुळायला साधारण तीन-चार महिने जातात. कोणाला पट्टा पुरतो, कोणाला प्लेट बसवावी लागते, ते एक्सरेवर ठरतं.

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांचं वेगळं. त्यांची वाढ चालू असल्यामुळे दंडाऐवजी कोपराच्या आतल्या बाजूची हाडाची गाठच स्नायूबरोबर ओढली जाऊन निखळू शकते. मुलगा ‘लचकलंय’ म्हणतो आणि घरचेही तसंच धरून चालतात. या वयात पंजानंतर कोपर सुजलं तर एक्सरे काढल्याशिवाय राहू नका. मोठ्या माणसाला कोपराच्या पुढच्या बाजूला टचकन तुटल्यासारखं वाटलं, काळंनिळं झालं आणि बेटकुळी वर सरकलेली दिसली, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता फार. तिची शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते, पुढे अवघड होत जाते.

आता चोळण्याविषयी. कोपराच्या ताज्या दुखापतीवर जोराने चोळणं आणि ताणून ‘बसवणं’ हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि त्यामुळे माणसं कायमची अधू होतात. चोळलेल्या स्नायूत हाडाचा थर जमू शकतो, मग कोपर वाकत नाही की सरळ होत नाही. घट्ट बांधलेल्या पट्ट्यांचा धोका त्याहून मोठा. बोटं सुजली, बधिर झाली किंवा सरळ करताना जीवघेणी कळ आली, तर पट्टी त्याच क्षणी सोडा आणि रुग्णालय गाठा. सोलापुरात वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहेच.

तुमचं तीन आठवड्यांचं दुखणं बहुधा कंडरेचं आहे. बोटं आणि मनगट आत वाकवणारे स्नायू कोपराच्या आतल्या गाठीला जिथे जोडलेले असतात, तिथे अतिताण आला आहे. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरा मात्र फार सावकाश. म्हणून ताकद वाढल्याच्या आनंदात पंजे लढवणाऱ्यांचीच ही जागा धरते. चोळून ती बरी होत नाही. पंजा आणि जड वजनं बंद करा, पण हात अगदी बांधूनही ठेवू नका. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताने तो खाली दाबा आणि न हलवता अर्धा-पाऊण मिनिट विरोध करा. दुखणं उतरलं की पाण्याची छोटी बाटली हातात धरून मनगट सावकाश खाली न्यायचा व्यायाम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असलं तर कालचा व्यायाम जास्त झाला. सहा आठवडे ते तीन महिने धीर धरावा लागेल. करंगळीला मुंग्या येत असतील तर मात्र वाट पाहू नका, गाठीमागून जाणारी नस दाखवून घ्या.

यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात हातावर पोट असणाऱ्या वाचकांना विशेष विनंती : जेवणाच्या सुट्टीतल्या पैजेसाठी पंजा लढवू नका. हात मोडला तर तीन-चार महिन्यांची मजुरी बुडते.