माळ्यावरचा हीमॅन

चार वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. ठाण्यातल्या कोपरीत, मीठबंदर रोडवरची आमची इमारत पुनर्विकासाला जायची होती आणि महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं होतं. पेटीत माझ्या खेळण्यातल्या एकवीस फिगर होत्या: हीमॅन, स्केलेटर, मॅन-अ‍ॅट-आर्म्स, बॅटल कॅट आणि बाकीचे. सहा वर्षं जमवलेल्या. झाकण उघडलं तसा डांबरगोळ्यांचा उग्र वास आला. पहिला हीमॅन उचलला, तर त्याच्याबरोबर त्याची प्लॅस्टिकची पिशवीही वर आली, कारण ती त्याच्या पायाला चिकटून बसली होती. सोडवायला गेलो तर अंगावरचा रंग पिशवीबरोबर निघाला.

आई शेजारीच भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, शालू ठेवतात तसं ठेवलंस तू याला."

तेच झालं होतं. रेशमी कपड्याला जे चालतं ते मी प्लॅस्टिकला केलं. जुन्या खेळण्यांचा नाद असलेल्यांना फसवणुकीचीच भीती जास्त असते. मी फसलोही, ते पुढे सांगतोच. पण माझं खरं नुकसान केलं ते माझ्या अज्ञानाने, माझ्याच घरात.

आधी हे कुठून सुरू झालं ते सांगतो. चौथीत असताना बाबांनी मला नौपाड्यात गोखले रोडवरच्या एका दुकानातून हीमॅन घेऊन दिला. कंबर पिळून सोडली की तो गर्रकन फिरून ठोसा मारायचा. कोपरीतल्या आमच्या जिन्यावर आम्ही चार पोरं त्या एका हीमॅनसाठी पाळी लावून बसायचो. पुढे तो आत्याच्या मुलाला दिला गेला आणि हरवला. बाबा गेले त्या वर्षी मला तो पुन्हा हवासा वाटू लागला. अशा मनःस्थितीत माणूस वस्तू नीट पाहत नाही, आणि माझी पहिली चूक तीच.

हीमॅनला आपण कार्टूनमधला म्हणून ओळखतो, पण खेळणं आधी आलं. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने १९८२ मध्ये ही खेळणी बाजारात आणली. फिल्मेशनची कार्टून मालिका १९८३ मध्ये सुरू झाली आणि तिचे १३० भाग झाले. आपल्याकडे ही खेळणी मॅटेलच्या परवान्याने ब्लो प्लास्टच्या 'लिओ' या नावाखाली बनली. ब्लो प्लास्ट म्हणजे तेव्हा व्हीआयपी बॅगा बनवणारी कंपनी. भारतात बनलेल्या या फिगरच्या रंगछटा परदेशी फिगरपेक्षा कुठे कुठे वेगळ्या आहेत, आणि त्यामुळेच परदेशातले संग्राहकही त्या शोधत असतात. मागणी आली की मागोमाग नकलाही येतात.

मी फसलो तो न उघडलेल्या लिओ पाकिटाच्या मोहात. विकणाऱ्याची ओळख फक्त फोनवरची. फोटो छान होते, "आजच दुसरा एक जण घेतोय" असं त्याने दोनदा सांगितलं, आणि मी साडेअठरा हजार रुपये पाठवून मोकळा झालो. ते पैसे मुलीच्या क्लाससाठी बाजूला काढलेले होते. पाकीट आलं, मी ते कपाटात मांडलं. दोन महिन्यांनी छापखान्यात काम करणारा एक मित्र घरी आला. त्याने खिशातलं भिंग पुठ्ठ्यावर धरलं आणि मला बघायला सांगितलं. मोठी अक्षरं ठीक होती, पण बारीक मजकुराच्या कडा फुटलेल्या, किमतीच्या जागी नुसता डाग. मूळ पुठ्ठा स्कॅन करून पुन्हा छापलेला होता. आतला हीमॅन अस्सल होता, पण खेळून झिजलेला. नव्या पुठ्ठ्यावर नवा प्लॅस्टिकचा फुगा चिकटवून त्यात त्याला बसवलं होतं. लाजेपोटी मी त्या माणसाशी झालेलं सगळं बोलणं फोनमधून पुसून टाकलं, आणि तक्रार करायला हातात काही उरलं नाही. असं करू नका. बोलणं, पावती, फोटो सगळं ठेवा आणि फसलात हे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते अडवले जाण्याची शक्यता असते.

आता मी पाकीट कसं पाहतो ते सांगतो. पत्त्यात बॉम्बे आहे की मुंबई, हे आधी बघतो. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या म्हणवल्या जाणाऱ्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत मुंबई असेल तर तिथेच थांबायचं. मुंबईचा फोन नंबर आठ आकडी नको, तसे नंबर २००२ मध्ये आले. वेबसाइटचा पत्ता असेल तर प्रश्नच मिटला. खेळण्यांवर आयएसआय चिन्हाची सक्ती २०२१ पासूनची आहे, म्हणून जुन्या पुठ्ठ्यावर ते दिसलं तरी सावध व्हा. सुट्या फिगरच्या पाठीवर १९८१ कोरलेलं दाखवून कोणी "एक्क्याऐंशीचा पीस" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. ते साल साच्याच्या हक्काचं आहे, फिगर त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते. आणि कोपर, गुडघे वाकवून बघा. जुन्या हीमॅनचे वाकत नाहीत. २०२० पासून निघालेल्या 'ओरिजिन्स' मालिकेतल्या, जुन्यासारख्याच दिसणाऱ्या फिगरचे वाकतात. ती मालिका चांगली आहे, जरूर घ्या, पण तिच्याच किमतीत.

तलवार, ढाल, कुऱ्हाड यांची किंमत वेगळी विचारा. ही हत्यारं हरवतात, म्हणून त्यांच्या नकला सर्वात जास्त. प्रामाणिक विक्रेता नक्कल असेल तर तसं सांगतो.

परदेशातून मागवायचं असेल तर आधी सीमाशुल्काची चौकशी करा. खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. मी हे न पाहता एक पार्सल मागवलं आणि सोडवताना घरखर्चाला हात घालावा लागला.

आता पेटीकडे येतो. जुन्या हीमॅनचं धड कडक प्लॅस्टिकचं असतं, डोकं मऊ. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात ते उष्णतेने हळूहळू पृष्ठभागावर येतं, म्हणून अशा वस्तू चिकट होतात. मी फिगर मऊ पीव्हीसीच्या, साड्यांच्या कव्हरसारख्या पारदर्शक पिशव्यांत बांधल्या होत्या. त्या पिशव्यांतही तेच द्रव्य असतं, त्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून बसतात. डांबरगोळीच्या वाफेने रंग आणि काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. वर स्लॅबखालचा माळा, जिथे मे महिन्यात हात ठेववत नाही. त्यात आमची कोपरी खाडीकाठची. भरतीच्या वाऱ्याबरोबर येणारा दमटपणा खिडकीच्या गजांनाही सोडत नाही, तर कमरेतली पोलादी स्प्रिंग कशी वाचणार? दोन फिगरच्या कंबरा गंजाने अडकल्या. एक मी जोर लावून फिरवली आणि मोडली. पाय आतून रबराने धरलेले असतात, ते रबर वाळून तुटलं की पाय लोंबतात.

एकवीसपैकी अकरा वाचल्या. त्या आता बैठकीच्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात आहेत. ऊन पोचत नाही, हवा खेळती राहते. प्रत्येक फिगर धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळलेली, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात त्या महिन्याला बदलतो. रबरबँड कशालाच लावत नाही. धूळ मऊ ब्रशने काढतो. स्पिरिट, थिनर जवळ आणत नाही. अडकलेली कंबर अडकलेलीच राहू देतो. नवं काही घेण्याआधी बायकोला किंमत सांगतो, आणि एक रात्र जाऊ देतो. या दोन सवयींनी माझे जेवढे पैसे वाचले तेवढे भिंगाने वाचले नाहीत.

आणखी एक गोष्ट करा, तिला खर्च नाही. फिगर कुठून आली, कोणी आणली, कोणत्या दुकानातली, हे एका वहीत लिहून ठेवा. बाबांनी माझा हीमॅन कितीला घेतला होता ते मला आता कोणालाच विचारता येत नाही.

कोपरीतल्या जुन्या इमारती एकामागून एक रिकाम्या होत आहेत. सामान बांधताना माळा सगळ्यात शेवटी उरतो. तोवर टेम्पो खाली उभा असतो, माणसं थकलेली असतात, आणि वरचं सगळं न बघता भंगारात जातं. तुमच्याकडे ती वेळ येणार असेल तर माळा पहिल्या दिवशी उघडा.