सत्ता बदलली, धोरण तेच? अमेरिकेचे दोन पक्ष शिकवताना

अमेरिकेची निवडणूक शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एकीकडे डेमोक्रॅटिक, दुसरीकडे रिपब्लिकन. एकाचं गाढव, दुसऱ्याचा हत्ती. मुलं फरक पाठ करतात. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, पक्ष बदलला की सगळंच बदलतं का?" त्याचं उत्तर या दोन रकान्यांत सापडत नाही.

चीनच्या मालावरचा आयात कर बघा. २०१८ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांनी तो लावला. डेमोक्रॅट बायडन यांनी प्रचारात त्यावर टीका केली. २०२१ मध्ये ते सत्तेत आले आणि बहुतेक कर तसेच राहिले. एवढंच नाही, मे २०२४ मध्ये त्यांनी चिनी विजेच्या गाड्यांवरचा कर २५ वरून १०० टक्के करण्याची घोषणा केली!

मग प्रचारात बोलले ते खोटं होतं का? मुलं लगेच 'हो' म्हणतील. त्यांना जरा थांबवा. चीनकडून काही पदरात न पाडता कर काढायचा, म्हणजे हातातलं पान फुकट टाकायचं. शिवाय मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन ही कारखान्यांची राज्यं २०१६ मध्ये ट्रम्प यांनी आणि २०२० मध्ये बायडन यांनी जिंकली, तीही थोडक्या मतांनी. तिथल्या कामगाराला दुखवायला कोण तयार होईल?

ग्वांतानामोच्या तुरुंगाची गोष्ट वेगळी. जानेवारी २००९ मध्ये ओबामांनी शपथविधीनंतर दोनच दिवसांत, तो वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला. मे महिन्यात सिनेटने त्यासाठीचा निधी ९० विरुद्ध ६ मतांनी अडवला. आणि तेव्हा सिनेटमध्ये बहुमत कोणाचं होतं? ओबामांच्याच पक्षाचं. आपल्या मतदारसंघात ते कैदी यावेत असं कुणालाच वाटत नव्हतं. बुश यांच्या काळात सुरू झालेला तो तुरुंग ओबामांच्या आठ वर्षांत बंद झाला नाही. इथे इच्छा होती, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यातली सत्ताविभागणी व्याख्येतून जेवढी कळत नाही तेवढी या एका प्रसंगातून कळते, असा माझा तरी अनुभव आहे.

अफगाणिस्तानातून सैन्य परत नेण्याचंही तसंच. तालिबानशी करार फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प सरकारने केला, सैन्य ऑगस्ट २०२१ मध्ये बायडन यांनी काढलं.

तेव्हा फळ्यावर तिसरा रकाना आखा: 'सत्तेत आल्यावर काय केलं?' आठवी-नववीची मुलं गटाने तो भरू शकतात. पालकांना घरी वर्तमानपत्र घेऊनही करता येईल. फक्त एक काळजी घ्या. एवढं ऐकून मुलं "म्हणजे दोघं सारखेच" असं म्हणून मोकळी होतात. म्हणून यादीत पॅरिस हवामान करार मुद्दाम ठेवा. ओबामा त्यात गेले, ट्रम्प बाहेर पडले, बायडन पुन्हा आत आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. हा कर टिकला आणि हा करार का टिकला नाही, यावर मुलांना भांडू द्या.